मारामारीच्या जागी वाढदिवस

बाबा, तुझा नंबर आता दुसऱ्या कोणाला तरी मिळालाय. व्हॉट्सॲपच्या फोटोत आता एक माणूस ट्रॅक्टरला टेकून उभा आहे, डोळ्यांवर गॉगल, मागे ऊस. म्हणजे आपल्याकडचा नाही. मी तो नंबर फोनमधून काढलेला नाही आणि काढायचं काही कारणही नाही, जागा भरपूर आहे. तू केबलवाला, आजूबाजूच्या सगळ्या गावांना तो पाठ होता. केबल गेली की शाळेतली पोरंसुद्धा न बघता लावायची. मला वाटतं सुरुवातीची काही वर्षं त्या ट्रॅक्टरवाल्याला लोकांनी बरंच पिडलं असेल, मॅच चालू आहे आणि चित्रात मुंग्या का येतायत म्हणून. हे मी त्याच नंबरवर लिहायला बसले होते, मग लक्षात आलं की चुकून बोट लागलं तर त्या बिचाऱ्याला सगळं वाचत बसावं लागेल. म्हणून फोनमध्येच दुसरीकडे लिहितेय. सांगायचं एकच आहे, आईबद्दल. पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. तू म्हणायचास, हिला काड्यापेटी आणायला पाठवलं तर ही कोंबडीची पिल्लं बघून येईल, आणि पिल्लं किती होती ते विचारलं तर तेही हिला माहीत नसेल.

तर मी सध्या पनवेलजवळ करंजाड्यात आहे, दादाच्या फ्लॅटवर. आपलं गाव विमानतळात गेलं, ते तुझ्यानंतर. घराच्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने बिल्डिंग बांधली, त्यातल्या एका फ्लॅटमध्ये दादा, वहिनी आणि आई राहतात. तुझी केबलची कंट्रोल रूम होती तिथे आता धावपट्टी आहे की गाड्या लावायची जागा, मला नक्की सांगता येत नाही. एकदा कुंपणाबाहेरून अंदाज घ्यायला गेले होते, पण खूण म्हणून धरायला डोंगरच राहिलेला नाही, तोही कापून सपाट केलाय. मी स्वतः कुठेच राहत नाही. कॉलेज पहिल्याच वर्षाला सोडलं, मग गोव्यात एका शॅकवर होते, मग मालवणच्या बाजूला कोणाच्या तरी होमस्टेत, मग पार वर हिमाचलात एका गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात. तिथे एक कुत्रं होतं, ते बाकी कोणावर भुंकत नसे, फक्त सायकलवाल्यांवर भुंकायचं, आणि त्या चढावर सायकल घेऊन येणार कोण, त्यामुळे ते कायम वाट बघत बसलेलं असायचं. असो. दादाचा फोन तिथेच आला. आई बाथरूममध्ये घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून आत प्लेट घातली होती. दादा उरणला कंटेनर यार्डात, वहिनी हॉस्पिटलात नर्स, दोघांच्या ड्युट्या उलटसुलट. तो म्हणाला, थोडे दिवस ये, आईला उभं करू, मग जा परत तुझ्या डोंगरावर. मी आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं की हाड आम्ही जोडलंय, पण पोटात अन्न गेलं नाही आणि रोज चालली नाही, तर ही बाई या पलंगावरून परत उठणार नाही.

आणि आई जेवत नव्हती. पहिल्यांदा मला वाटलं औषधांनी तोंडाची चव गेली असेल. मी तांदळाची भाकरी केली, सुकटाची चटणी केली, कोळंबीचं कालवण केलं. ती ताटाकडे बघायची, एक घास मोडायची आणि ताट सरकवायची. वहिनी म्हणाली, टीव्ही लावायला देत नाहीत ना त्या, म्हणून. ही गोष्ट वहिनीला विचित्र वाटत होती, मला लगेच कळली, कारण आपल्या घरात टीव्हीशिवाय कोणी जेवलंच नाही कधी. तुझं जेवण म्हणजे तुझी ड्युटी असायची. आपल्या सेटवर चित्र हललं की सगळ्या गावांत हललेलं असणार, म्हणून ताट मांडीवर आणि डोळा पडद्यावर. आम्हीही तसेच बसायचो, रांगेत, भिंतीला पाठ लावून. आपल्याकडे टीव्ही बंद ठेवून जेवायचं म्हणजे घरात कोणीतरी गेलेलं असायचं. आजी गेली तेव्हा, आणि मग तू गेलास तेव्हा. आईच्या अंगात ते इतकं मुरलंय की काळ्या पडद्यासमोर तिला घासच उतरत नाही. म्हटलं, मग लाव की टीव्ही. तर ती म्हणाली, "काय लावू? मना नाय बघवत."

तिचं काय चुकलं म्हणा. मी दिवसभर तिच्या शेजारी बसून एकेक चॅनेल फिरवलं. सून सासूला जिन्यावरून ढकलते आणि मग बरेच भाग ती सासू नुसती पडतच असते, वेगवेगळ्या बाजूंनी, ढगांच्या गडगडाटासह. खिरीत कोणीतरी काहीतरी मिसळतं. लग्नाच्या मांडवात पिस्तूल निघतं. मालिका जरा बरी वाटावी तर मधल्या जाहिरातीत दुसऱ्या मालिकेतला माणूस कुऱ्हाड घेऊन धावत येतो. बातम्या तर विचारूच नकोस. कोणी नुसता हात उगारला तरी आईचा खांदा वर जातो, डावा, कानाला टेकेल इतका, आणि खाली यायला वेळ लागतो. हा खांदा तुला माहीत आहे. माझ्या जन्माआधी, जमिनीवर मातीचा भराव टाकायच्या कामावरून दोन गावांत जुंपली तेव्हा मामाला तिच्या डोळ्यांदेखत मारलं होतं, आणि तो त्यातून उठला नाही. ती ओटीवर उभी होती. घरात हे कोणी बोलत नाही, मलाही एका आत्याकडून कळलं, तेही कुठल्या तरी हळदीत, ढोल वाजत असताना, त्यामुळे निम्मंच ऐकू आलं.

तू मात्र त्यावर काहीतरी केलं होतंस. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे सांगताना मला आधी सगळं उलगडून सांगावं लागतं, कारण आता केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल म्हणजे काय हेच कोणाला आठवत नाही. दुपारी एक पिक्चर आणि संध्याकाळी एक पिक्चर, तू लावशील तो, मध्ये साड्यांच्या सेलची पट्टी आणि वाढदिवसाची कार्डं. लोक पोरांचे फोटो आणून द्यायचे, तू कॉम्प्युटरवर त्यांच्याभोवती फुगे आणि केक चिकटवायचास, खाली नाव आणि हार्दिक शुभेच्छा. बाकीचे केबलवाले ही कार्डं पिक्चर संपल्यावर दाखवायचे. तू मारामारी आली की दाखवायचास. हिरोने बाही वर केली की तुझा अंगठा बटनावर, आणि पडद्यावर फुगे. गुंडांचं काय व्हायचं ते होऊन गेलं की मग पिक्चर परत. त्यासाठी तू सकाळी सगळा पिक्चर आधी बघून ठेवायचास, एकटाच, त्या भट्टीसारख्या खोलीत, जिथे पंखा होता पण तो मशीनकडे तोंड करून. तेव्हा मला ते मजेचं काम वाटायचं. सकाळी उठून पिक्चर बघायला मिळतो, यासारखी नोकरी नाही असं मी शाळेत सांगायचे.

अडचण एवढीच होती की पिक्चरमध्ये मारामाऱ्या जास्त आणि गावात पोरं कमी. म्हणून एकेका पोराचा वाढदिवस वर्षातून किती वेळा यायचा त्याला गणती नव्हती. होळीत जन्मलेल्या पोराला दिवाळीत शुभेच्छा. नातेवाईक फोन करून त्या घरी विचारायचे, आम्हाला बोलावलं नाही. एक काकू तर भांडायला आली होती आणि तू तिला म्हणालास की वहिनी, पोरगं दुप्पट वेगाने वाढतंय, उलट गोड द्या. माझं कार्ड तर सगळ्यात जास्त लागायचं, कारण माझा फोटो कायम हाताशी. वर्गातल्या मुली माझ्याकडे सारखं चॉकलेट मागायच्या. नाक्यावर दोन माणसांची जुंपली की कट्ट्यावरून कोणीतरी ओरडायचं, ए, वाढदिवस लावा रे, आणि बऱ्याचदा भांडण तिथेच बसायचं, कारण भांडणारेच हसायचे. मी एकदा तुला विचारलं होतं, की कामोठ्याचा केबलवाला सगळी फायटिंग दाखवतो, आपण का नाही. तू वायर सोलत होतास. मान वर न करता म्हणालास, "मारामारी बघायची असेल तर नाक्यावर जाऊन बस. तिथे फुकट असते." ते इतकं तुटकपणे म्हणालास की मी पुन्हा विचारलं नाही. गावात मात्र सगळ्यांना माहीत होतं की हे कोणासाठी चाललंय. एवढी गावं, एवढे टीव्ही, आणि एका बाईसाठी सगळ्यांच्या मारामाऱ्या कापलेल्या. तरी केबलचे पैसे कापून देतो असं कोणी म्हटलं नाही. तू गेलास त्या दिवशी तुझ्याकडे कामाला असलेल्या माणसाला काय लावावं कळेना, त्याने कार्डं लावली आणि तो आपल्याबरोबर स्मशानात आला. दिवसभर कार्डंच चालू होती म्हणे. आपला टीव्ही बंद होता, म्हणून मी पाहिलं नाही.

तर मुद्दा असा, की मला आता असं काहीतरी शोधायचं होतं ज्यात कोणी कोणाला मारत नाही. खाडीत गोडं पाणी शोधण्यासारखं काम. मी फोनवर एका ग्रुपवर विचारलं, की आईसाठी शांत मालिका सांगा, हिंसा अजिबात नको, मन निवेल असं काहीतरी. लोक फार चांगले असतात अशा वेळी. कुठकुठल्या बायकांनी लिहिलं, आमची आईही अशीच, आमची सासूही. सगळ्यांनी मिळून एका इंग्रजी मालिकेचं नाव सांगितलं. खेडेगाव, गुलाबाची बाग, चहाचे कप, एक म्हातारी आणि तिचा केसाळ कुत्रा. लावली. आईने चक्क भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाली, बाग बघ कशी राखलीय. तेवढ्यात कुत्र्याने माती उकरली आणि मातीतून हात निघाला, माणसाचा. आई ताट बाजूला ठेवत म्हणाली, "येवडी चांगली बाग, आनि त्यात मुडदा?" मग मला कळलं की त्या देशात शांत मालिका म्हणजे अशीच असते, दर आठवड्याला एक मुडदा, पण सगळे सभ्यपणे बोलतात. दुसरी एक लावली, त्यात एक माणूस छोट्याशा खानावळीत एकटा स्वयंपाक करतो आणि गिऱ्हाईकं येऊन मुकाट्याने जेवतात. मारामारी शून्य. मला फार आवडली. आई मात्र अस्वस्थ होत गेली. म्हणाली, कोन बोलतच नाय, भांडलेत काय आपसात? तिच्या हिशोबाने इतकी माणसं इतकी गप्प बसली की समजायचं आता काठ्या निघणार. तिसरीत प्रेम होतं, छत्र्या होत्या, सगळं गोड होतं, आणि मग अचानक ट्रक आला. तेव्हापासून मी ठरवलं की आधी बघितल्याशिवाय काही लावायचं नाही.

मग ती बेटाची सापडली. परदेशातली, पण हिंदीत बोलणारी. एक लहानसं बेट, त्यावर एक पोस्ट, पोस्टात एक म्हातारा पोस्टमास्तर आणि शहरातून नोकरीला आलेली एक मुलगी, जिला तिथे राहायचं नसतं. बस. कोणाचं पार्सल हरवतं, कोणाची बोट गळते, कोणाचा मुलगा पत्र पाठवत नाही तर म्हातारा त्याला बोलून घेतो. बायका किनाऱ्यावर दोऱ्या बांधून माकुल मासळी वाळत घालतात. ते बघून आई उशीला टेकून सरळ बसली. तिला उरणच्या मावशीचं अंगण आठवलं. म्हणाली, असं उघड्यावर घालतान? पाखरं नेतील, जाळी टाका म्हणावं. आणि हे बोलता बोलता तिने अख्खी भाकरी संपवली. मी दुसरी आणून ताटात ठेवली. त्या दिवसापासून आमची सोय लागली. दुपारी आई झोपली की मी बाल्कनीत बसून पुढचा भाग कानात वायर घालून बघायचे, आणि संध्याकाळी जेवताना तोच तिच्याबरोबर. बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगचं प्लास्टर दिसतं, त्यावर एक माणूस दोरीला लटकून रोज थोडं थोडं रंगवतो, पिवळा. कधी कधी मी त्यालाच बघत बसायचे आणि भाग पुढे निघून जायचा, मग मागे न्यावा लागायचा. बेटावरही सगळं निर्मळ नव्हतं. एका भागात दोन कोळ्यांत मारामारी, एकात बाप पोराला झोडपतो. ती ठिकाणं मी लक्षात ठेवायचे आणि संध्याकाळी तिथे आलं की पुढे पळवायचे. तेव्हा कुठे मला तुझ्या सकाळी आठवल्या. तू त्या सगळ्या मारामाऱ्या पाहिल्यास, प्रत्येक पिक्चरची प्रत्येक, आणि एकट्याने. आणि वर घरी येऊन आमच्याबरोबर जेवायचास.

आई जेवू लागली तशी चालू लागली. आधी पलंग ते दार, मग हॉल, वॉकर घेऊन, प्रत्येक पावलाला मला शिव्या देत, की डोंगरावर पोर गेली ती मास्तरीण होऊन आली. दादा खूश. मला म्हणाला, तू तर जादूच केलीस, मी इतकं समजावलं तर माझं ऐकत नव्हती. मी म्हटलं, तू समजावलंस म्हणूनच. गेस्टहाऊसवरून विचारणा आली होती, पाहुण्यांचा हंगाम येतोय, येणार आहेस का. मी कळवते म्हटलं. माझं मन तोपर्यंत निघालेलं होतं, खरं सांगायचं तर. मला एका जागी फार दिवस राहिलं की पायाच्या तळव्यांना खाज सुटते. मालिका होती, आई जेवत होती, वहिनीला रिमोट वापरता येतो. पळवायच्या जागा तेवढ्या तिला सांगून ठेवायच्या, असं मी ठरवत होते.

त्याच संध्याकाळी बाप पोराला झोडपतो तो भाग होता. मी नेहमीप्रमाणे पळवलं. आई घास तोंडाजवळ धरून थांबली. म्हणाली, "काय पलवलंस?" मी म्हटलं, काही नाही, जाहिरात होती. ती म्हणाली, यात जाहिराती नसतात. मग घास खाली ठेवला आणि पडद्याकडेच बघत बोलली. तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण मुळात हेच तुला सांगायचं होतं.

"तुजा बाबा वाडदिवस लावायचा, तू पलवतेस. कार्ड लागलं की मना कलायचं, आता पलीकडं कोनाला तरी मारतान. पिक्चरमदे काय, दोन बुक्क्या असतील. मना कुटं दिसत होत्या त्या. समोर फुगं आनि डोल्यात माजा भाऊ. कार्ड जाईपर्यंत तोच."

मी विचारलं की मग बाबाला सांगितलं का नाहीस. तिने भाकरीची कड मोडली.

"कसं सांगू? येवडं मन लावून करायचा. सकालपासून त्या खोलीत बसायचा माज्यासाठी. मंग मी त्या पोरांची तोंडं बघत बसायची. एकेक पोर पाठ झालता मना." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू लपवू नको. आदी सांगत जा. सांगलंस की माजं मी ठरवीन, बघायचं का भाजी निवडायची."

मी रिमोट हातात घेऊन बसले होते. मागे न्यावं का, विचारलं. ती म्हणाली, ने. मी सांगितलं की बाप पोराला मारतो, काठीने, पण पोराला फार लागत नाही, आणि नंतर बाप रात्री त्याच्या पायाला तेल लावतो. ती म्हणाली बरं. मग तिने पालकाची जुडी मागितली, मांडीवर घेतली आणि पानं खुडायला लागली. आवाज ऐकत होती. खांदा वर गेला, पण अर्ध्यातच थांबला. तेल लावायच्या वेळी तिने मान वर केली आणि तेवढं नीट पाहिलं. म्हणाली, खोबरेल वाटतंय.

तेव्हापासून आमच्याकडे जेवताना एक परात भाजी शेजारी असते. मी आधी सांगते, भांडण आहे, कोणी मरत नाही. किंवा, एक म्हातारी मरते, पण आजाराने. आई ठरवते. कधी निवडते, कधी बघते. एकदा दोन कोळ्यांची ती पळवलेली मारामारी तिने परत लावायला सांगून पूर्ण बघितली आणि म्हणाली, हे खोटं मारतान, दिसतंय की. वहिनी म्हणते, या घरात इतक्या पालेभाज्या कधीच झाल्या नव्हत्या. तुला हे सगळं कळायला हवं होतं की नको, मी ठरवू शकत नाही. तू तर सगळ्या मारामाऱ्या स्वतः बघून घेतल्यास आणि तुला वाटत राहिलं की ती सुखाने बसलीय. ती बसली होती, तुझ्यासाठी, फुग्यांसमोर. म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांसाठी इतकी वर्षं एकच गोष्ट करत होतात आणि दोघांपैकी एकालाही तिचा उपयोग नव्हता, असं म्हणता येईल. पण आईला अजून ती पोरं ओळखता येतात. मागच्या आठवड्यात खाली वॉकरने चालायला नेलं तर बाकावर बसलेल्या एका दाढीवाल्या माणसाला तिने हाक मारली, तू अमक्याचा ना रे, फुग्यात बसलेला. तो उठून पाया पडला.

शेवटचा भाग काल झाला. आई आता वॉकर सोडून काठीवर आलीय, आणि दादाने परवा विचारलं होतं, तुझं जायचं कधी. मी म्हटलं, मालिका संपू दे. काल दुपारी बाल्कनीत बसले होते, समोरचा माणूस पिवळा रंग संपवून दोऱ्या उतरवत होता, विमान गेलं, मी ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. भाग लावलाच नाही. विसरले असं म्हणणार होते, पण विसरले नव्हते. संध्याकाळी ताटं घेऊन बसलो. बेटावर धुकं आलं. म्हातारा पोस्टमास्तर पलीकडच्या खडकावर राहणाऱ्या एका बाईचं औषधाचं पार्सल द्यायला होडी घेऊन एकटाच निघतो, आणि अंधारून येतं, आणि होडी दिसत नाही. ती मुलगी धक्क्यावर कंदील घेऊन उभी. सगळं बेट येऊन उभं. कोणी बोलत नव्हतं. आईने घास खाली ठेवला. खांदा वर जायला लागला होता. परातीत मेथी होती, तिकडे हात गेला आणि तिथेच राहिला. तिने मला विचारलं, "येतो ना तो?"

मी म्हटलं, "येतो."

तिने मेथी सोडून दिली आणि पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ नुसतं धुकं. मग होडीचं नाक दिसलं, मग म्हातारा, टोपी ओली, आणि तो किनाऱ्यावर उतरून सगळ्यांना विचारतो की तुम्हाला काही कामं नाहीत का. आई हसली. उरलेली भाकरी तिने कालवणात बुडवून खाल्ली आणि ताट स्वतः उचलून काठी टेकत मोरीपर्यंत नेलं.

मी अजून गेस्टहाऊसला काही कळवलेलं नाही. आई विचारत होती, आता उद्यापासून काय लावायचं. हे तुला पाठवायचा प्रश्नच नाही, तिथे तो ट्रॅक्टरवाला आहे. आणि एक गोष्ट तशी मी आईलाही सांगितलेली नाही. तो येतो असं मी म्हटलं तेव्हा मला माहीत नव्हतं, बाबा. मी तो भाग आधी बघितलाच नव्हता.